पाव शेळी

"पाचाचे निम्मे किती?" शाळेच्या बाईंनी विचारलं, तेव्हा मुंगीनं जरा विचार केला आणि उलट विचारलं, "पहिली पाळी कोणाची?"

बाईंना वाटलं, पोरीला नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मुंगीला वाटलं, बाईंनाच नीट कळलं नसावं, म्हणून तिनं हळू आवाजात समजावून सांगितलं, "आपली असली तर तीन. त्यांची असली तर दोन." बाईंनी कागदावर फुली मारली. दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईनं हे सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

ही मागच्या वर्षीची गोष्ट. त्यांचं घर डोंगरावरच्या वस्तीत. वस्तीतली शाळा पोरं पुरेशी नाहीत म्हणून बंद झाली होती, आणि खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत जायचं तर तिथल्या वसतिगृहात राहावं लागायचं. आई सातवीपर्यंत शिकलेली होती. माझी पोर मी घरी शिकवीन, असं तिनं सांगून टाकलं होतं. घरी शिकणाऱ्या पोरांनी वर्षातून एकदा खाली येऊन परीक्षा द्यायची, असा नियम होता. मुंगी वाचनात पास झाली, लेखनात झाली, भूगोलात तर बाईंनी पाठ थोपटली. अपूर्णांकात मात्र भोपळा. बाई माणूस म्हणून चांगल्या होत्या. म्हणाल्या, "एक वर्ष देते. पुढच्या वेळी हे आलं नाही, तर इथल्या शाळेत नाव घालावंच लागेल. माझ्याही हातात काही नाही."

घरी आल्यावर आईनं नवऱ्याला सांगितलं. तो शेळ्यांच्या कुंपणाला काटे लावत होता. वळूनही न बघता म्हणाला, "मग बरोबरच सांगितलं की पोरीनं."

त्याचंही काही चुकत नव्हतं. शेळ्या खालच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या, राखायच्या ह्यांनी आणि होणारी करडं निम्मी निम्मी. दरसाल एका सकाळी करडं अंगणात सोडायची आणि पाळीपाळीनं एकेक उचलायचं. एक त्यांनी, एक ह्यांनी. आकडा विषम आला, तर ज्याची पहिली पाळी त्याला एक जास्त, आणि पुढच्या वर्षी पहिली पाळी दुसऱ्याची. मुंगी रांगत होती तेव्हापासून तिनं निम्मं पाहिलं ते हे असं. निम्म्याला चार पाय असायचे आणि ते ओरडायचं.

"पुस्तकात अडीच लिहिलंय," आई म्हणाली.

"अडीच करडं? मग अर्ध्याचं तोंड कोणाला आणि शेपूट कोणाला?"

नवरा स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसत राहिला. आईला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे वसतिगृहाचं दार होतं. दिवसभर नवरा शेळ्यांमागे, आणि मागे ती आणि मुंगी. पाणी आणताना, पाला तोडताना, सारवताना दोघींची बडबड चाललेली असायची. पोर गेली तर आपण बोलायचं कोणाशी, हा विचार तिच्या मनात आधी यायचा आणि पोरीचं कसं होईल हा नंतर. हे तिचं तिलाही माहीत होतं, पण ते ती कोणाला सांगायला गेली नाही.

त्या वर्षी पावसानं हात आखडता घेतला. उन्हाळा लागायच्या आधीच डोंगर पिवळा पडला. वस्तीखालच्या ओढ्यात खड्डा खणायचा, त्यात पाणी झिरपेपर्यंत बसायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची. ते बसणं म्हणजेच मुंगीची शाळा. अंगानं लहानशी, पण एकदा धरलेलं सोडायची नाही, म्हणून तिला मुंगी म्हणत. ती गुडघ्यात हनुवटी घालून बसायची, आणि आई काटकीनं वाळूत गोल काढायची.

"हे चाक समज. ह्याचे चार सारखे भाग केले. त्यातला एक घेतला. किती घेतला?"

"एक."

"एक नव्हे. एक छेद चार."

"पण एकच घेतला ना?"

"एकच. पण चारातला एक."

"मग बाकीचे तीन कुठे गेले?"

"कुठे नाही गेले. इथंच आहेत."

"मग चाक मोडलं कशाला?"

आई गोल पुसायची, नवा काढायची. वाळू भुसभुशीत, रेघ नीट उमटायची नाही. घागर भरली की डोक्यावर चुंबळ ठेवून दोघी चढण चढायच्या. वर पोचेपर्यंत आईला स्वतःलाच खात्री उरायची नाही की चाक मोडलं होतं की नव्हतं. पावकी-निमकी तिला तोंडपाठ होती. लहानपणी छडीच्या धाकानं पाठ झालेली ती गोष्ट. पण पाठ असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या डोक्यात उतरवणं वेगळं.

एके दुपारी तिनं पक्कं ठरवलं. चाक नको, खरी वस्तू घेऊ. खुंटीवरची दोरी काढली, दुमडून दोन टोकं जुळवली आणि मधोमध कोयता मारला.

"आता हे काय आहे?"

"दोरी," मुंगी म्हणाली.

"अर्धी दोरी."

"अर्धी कशी? हिनं शेळी बांधता येते. त्या दुसरीनंही येते." तिनं दोन्ही तुकडे हातात धरून ताणून पाहिले. "ह्या दोन दोऱ्या झाल्या, आई."

आईनं तिला एक थोबाडीत दिली. मुंगी रडली नाही. गालावर हात ठेवून ती दोऱ्यांकडेच बघत राहिली, आपलं कुठे चुकलं ते तिथं दिसेल अशा आशेनं. आईचा हात मात्र संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता. आणि संध्याकाळी नवरा वस्तीच्या विहिरीवर गेला तर पोहरा पाण्याला पोचेना. चार बायकांसमोर तो दोरीचं टोक हातात धरून उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, "विहिरीचं पाणी खाली गेलं का दोरी वर आली?" त्यानं दोन्ही तुकड्यांना गाठ मारली आणि परत गेला. गाठ कप्पीत अडकायची, म्हणून पुढं रोज त्याला पोहरा हातानं ओढावा लागला. त्याचे तळवे सोलले, तरी त्यानं त्यावरून बायकोला शब्द काढला नाही. त्यानं शब्द काढला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

चारा संपत आला तसा गिरणीवाल्यानं निरोप धाडला, शेळ्या परत न्यायला येतो. वरच्या डोंगरात आता काही उरलं नाही, विकून टाकतो, पुन्हा राखायला देईन न देईन. एका सकाळी तो दोन माणसं घेऊन वर आला. अंगाला, मिशांना पीठ. आल्या आल्या म्हणाला, "काय मास्तरीणबाई, पोर पास झाली का?" बरोबरची माणसं हसली. आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि मान खाली घातली.

मोठ्या शेळ्या त्याच्याच, त्या बाजूला काढल्या. करडं सात होती. अंगणात सोडली आणि भांडण लागलं. गिरणीवाला म्हणाला, शेळ्या माझ्या, पहिली पाळी माझी. नवरा म्हणाला, मागच्या वर्षी पहिली तुमची होती, तेव्हा ह्या वर्षी माझी. पहिली पाळी ज्याची, त्याला चार मिळणार होती. दरसाल असा वाद कोणी घालत नसे, कारण पुढच्या वर्षी फिटंफाट व्हायची. आता पुढचं वर्षच नव्हतं. आवाज चढले. नवऱ्यानं सोललेला तळवा पुढं करून दाखवला, गिरणीवाल्यानं आकाश दाखवलं. शेवटी बरोबरचा म्हातारा म्हणाला, "तीन त्यांनी घ्यावीत, तीन तुम्ही घ्या. उरेल ती मधे ठेवा. निम्मी ह्यांची, निम्मी त्यांची."

उरली ती तांबडी. कानांवर पांढरे ठिपके, सगळ्यात आडमुठी, कोणी पहिल्या पाळीला उचलावी अशी नव्हेच. तिला मुंगीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. गिरणीवाला म्हणाला, राहू दे तुमच्याकडेच. मधल्या जनावराची रीत ठरलेली होती. ज्याचा ज्याचा हिस्सा, त्यातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय ते हलवायचं नाही, आणि विचारल्यावर नुसती मान हलवून भागत नाही, तोंडानं हो म्हणावं लागतं.

ह्यांच्या वाट्याची तीन करडं त्याच आठवड्यात बाजारात गेली. ती पूर्ण ह्यांची होती, म्हणून विकता आली. जी पूर्ण नव्हती तीच तेवढी दारात उरली.

नवरा आता खालच्या बागवाल्याकडे झाडांना पाणी घालायला जाऊ लागला. कावडीनं त्याचे खांदे सुजले. तांबडीला रोज काहीतरी लागायचंच, आणि डोंगरावर ओरबाडायला पानही नव्हतं. आई कोयता बांबूला बांधून उंच फांद्या पाडायची, त्याही संपल्या. मग बागवाल्याशी बोलणं झालं. त्याच्या बागेतलं निंदलेलं गवत आणि छाटलेला पाला रोज न्यायचा, आणि त्याबद्दल तांबडीतल्या आपल्या हिश्श्यातला निम्मा त्याला. नवऱ्यानं हे घरी येऊन सांगितलं. आई गवताचा भारा सोडत होती, मुंगी तांबडीच्या पुढ्यात काड्या टाकत होती.

"म्हणजे आता आपली किती राहिली कोण जाणे," आई स्वतःशीच म्हणाली. ती मुंगीला विचारत नव्हती. कंटाळून बोलली होती.

"पाव," मुंगी म्हणाली.

आईचा हात थांबला. "काय?"

"आपली पाव. बागवाल्याची पाव. गिरणीवाल्यांची निम्मी आहे तशीच." तिनं तांबडीच्या तोंडातून पिशवीचा तुकडा ओढून काढला. "त्यांच्यातलं आपण काही दिलं नाही ना."

आई तिथंच गवतावर बसली. वर्षभर चाक मोडलं, दोरी कापली, थोबाडीत मारली, आणि पोर शेळीच्या अंगावर पाव मोजत होती, शेळीला हात न लावता. मग तिला दिसलं. कापलेला तुकडा मुंगीला तुकडा वाटतच नव्हता. तो तिच्या लेखी नवा, आख्खा जिन्नस. पण शेळी आख्खी उभी आहे आणि तिच्यात तिघांचा हिस्सा आहे, हे तिला जन्मापासून कळत होतं. कापायचं नव्हतंच कधी.

"गिरणीवाल्यांची आणि बागवाल्याची मिळून किती?" आईनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला, पाखरू उडू नये म्हणून माणूस चालतं तसा.

"पाऊण."

"आणि त्यात आपली घातली तर?"

आई खुळी झाली की काय, असं मुंगीनं तिच्याकडे बघितलं. "तर तांबडी."

आईनं पाटी आणली. वर शेळी काढली, निदान चार पायांचं काहीतरी काढलं. खाली लिहिलं, एक छेद दोन, एक छेद चार, एक छेद चार. मुंगीनं ते बोटानं एकेक वाचलं. मग म्हणाली, "छेद म्हणजे किती जणांत, असं का?" "किती सारख्या हिश्श्यांत," आई म्हणाली. "आणि वरचा आकडा म्हणजे त्यातले आपले किती." मुंगीनं मान डोलावली आणि शेळीला शिंगं काढायची राहिली होती ती काढली.

त्या दिवसापासून धडे गवताच्या भाऱ्यापाशी व्हायला लागले. बागवाल्यानं आपल्या पावातला निम्मा भावाला दिला तर भावाची किती? आठवा हिस्सा. दोन आठवे म्हणजे? पाव. तिसरा हिस्सा मोठा की चौथा? मुंगी क्षणभर तांबडीकडे बघायची, मनात माणसं उभी करायची आणि सांगायची. कधी चुकायची. चुकली की आई ओरडत नसे, विचारायची, "मग तांबडी पुरली का सगळ्यांना?" मुंगी पुन्हा वाटण्या घालायची. एकदा तिनं बापाच्या मामालाही विनाकारण सहावा हिस्सा देऊन टाकला आणि बाप म्हणाला, "त्याला देऊ नकोस, तो परत करत नाही."

पण मागच्या वर्षीचा प्रश्न उरलाच होता. तो विचारायला आई भीत होती. शेवटी एका सकाळी पाला वेचता वेचता तिनं विचारून टाकलं, "पाचाचे निम्मे किती?"

मुंगीच्या तोंडावर पाळीचा प्रश्न आलेला आईला दिसला. तो तिनं गिळला. बराच वेळ ती एका फांदीची पानं ओरबाडत राहिली.

"आई, बाईंच्या प्रश्नात पुढचं वर्ष असतं का?"

"नसतं," आई म्हणाली. हे तिला आजवर कधी सुचलं नव्हतं. "पुस्तकात पुढचं वर्ष नसतं. जे आहे ते आजच वाटायचं."

"मग एक मधे राहणार. तांबडीसारखी." मुंगीनं बोटं मोजली. "दोन त्यांची, दोन आपली, आणि मधलीतली निम्मी. दोन आणि निम्मी."

"त्याला काय म्हणतात?"

"अडीच," मुंगी म्हणाली, आणि मग चकित होऊन पुन्हा म्हणाली, "अडीच. हे तर मला माहीत होतं."

आईनं तिला जवळ ओढलं. पाल्याची टोपली कलंडली, तांबडीनं डाव साधला. आईला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही पोरीला दिसू नये म्हणून तिनं तिचं डोकं पदरात धरून ठेवलं.

परीक्षा जवळ आली होती तेव्हाच गिरणीवाला एका व्यापाऱ्याला घेऊन वर आला. बागवालाही बरोबर होता. व्यापाऱ्यानं तांबडीचा जबडा उघडून पाहिला, पाठीवरून हात फिरवला. गिरणीवाला म्हणाला, विकून टाकू, ह्या दुष्काळात कोण पोसणार. माझं हो आहे. बागवाल्यानं मान हलवली. "तोंडानं म्हणा," व्यापारी म्हणाला, तोही रीत जाणणारा होता. "हो," बागवाला म्हणाला.

मग सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो नुकताच कावड टाकून आला होता. खांद्यावर ओला फडका होता. "माझं काय," तो म्हणाला, "पावात काय बोलायचं. तुम्ही पाऊण मिळून ठरवलंय."

"पाव म्हणजे काहीच नाही असं नाही, बाबा," मुंगी म्हणाली. ती तांबडीच्या पलीकडे उभी होती. आवाज चढवला नव्हता, नुसती चूक दुरुस्त केली होती.

व्यापारी हसला. गिरणीवाला हसला नाही. नवऱ्यानं फडका खांद्यावरून काढला, पिळला, पुन्हा टाकला. चार माणसांत पोरीनं शिकवलेलं त्याला लागलं होतं, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आईला वाटलं, आता हा चिडून हो म्हणणार. पण तो म्हणाला, "माझं नाही आहे. पाऊस पडू द्या, मग बघू." गिरणीवाल्यानं वहिनी, तुम्ही तरी समजवा, असं म्हणून पाहिलं. वहिनी गवत पसरत राहिली. लोक उतरून गेले. त्या संध्याकाळी बाप मुंगीशी बोलला नाही, आणि झोपताना मात्र तिच्या अंगावर गोधडी त्यानंच टाकली.

परीक्षेच्या दिवशी दोघी अंधुक उजेडात निघाल्या. शाळेत पोचल्या तेव्हा वर्ग भरले होते. आई पुन्हा त्याच बाकावर बसली. आतून बाईंचा आवाज येत होता, मुंगीचा येत नव्हता. मग आला. "पाऊण." थोड्या वेळानं, "सव्वा." मग बाईंनी तो प्रश्न विचारला, पाचाऐवजी साताचा. मुंगी म्हणाली, "साडेतीन. पुढचं वर्ष नाही ना?" बाई म्हणाल्या, "कसलं पुढचं वर्ष?" मुंगी म्हणाली, "मग साडेतीनच." आईनं डोळे मिटून घेतले. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलला होता.

सुटीची घंटा झाली. वर्गातून मुली बाहेर आल्या आणि अंगणात त्यांनी एक लांब दोरी दोन्ही बाजूंनी धरून फिरवायला घेतली. मुंगी परीक्षा संपवून दारात उभी होती. एका मुलीनं तिला हात केला, ये. मुंगी आधी आईकडे बघायला वळली, मग न विचारताच गेली. पहिल्यांदा दोरी तिच्या पायात अडकली. मुली हसल्या, तीही हसली. तिला आपल्या वयाच्या कोणाबरोबर हसताना आईनं कधी पाहिलं होतं? आईला आठवेना. वस्तीत तिच्या वयाचं कोणी नव्हतंच.

बाई बाकावर येऊन बसल्या. "पास आहे. चांगली पास आहे. कसं शिकवलंत हो?"

"शेळी दाखवून," आई म्हणाली. बाईंना ते कळलं नाही आणि आईला समजावून सांगायची घाई नव्हती.

"आता नियमानं ती घरी राहू शकते," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला विचारते. पुढचं गणित, पुढचं सगळं, तुम्ही किती दिवस पुरणार? पोर तल्लख आहे. इकडे पाठवा. मी सक्ती करत नाही, सांगतेय."

"पास झाली ना," आई म्हणाली. "मग घरीच राहील." आणि ती उठली. तिला बाईंचा राग आला, आणि राग आला कारण बाई खोटं बोलत नव्हत्या.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. नवरा अंगणात पाय धूत होता. पास झाल्याचं ऐकून तो मुंगीला म्हणाला, "बघ, मी आधीच म्हणत होतो," जे तो कधीच म्हणाला नव्हता. मुंगी तांबडीकडे पळाली. मग आईनं बाईंचं बोलणं सांगितलं, मोघम, अर्धंमुर्धं. तरी त्याला कळलं.

"खरं आहे त्यांचं," तो म्हणाला. "तू सातवी. मी तेवढाही नाही. पुढं काय शिकवणार?"

"पुस्तकं आणीन. शिकीन आणि शिकवीन."

"गवत कोण आणणार? पाणी?"

"वर्षभर हाडं झिजवली ती पोर घरात राहावी म्हणून. आणि आता पास झाल्यावर पाठवायची?"

"तिच्यासाठी झिजवलीस ना? का..." तो थांबला.

"बोला ना. का काय?"

"काही नाही."

मुंगी कधी येऊन उभी राहिली ते दोघांना कळलं नाही. हातात पाल्याची डहाळी होती. ती जरा वेळ दोघांचं ऐकत राहिली.

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"तुला काय विचारायचं?" आई म्हणाली. "आम्ही तुझे..." तिला कोणीतरी जागं केल्यासारखं झालं. वर्षभर तिनं पोरीला हजार प्रश्न विचारले होते, पाव किती, पाऊण किती, आणि हा एक कधी विचारला नव्हता. उत्तर काय येईल ह्याची तिला भीती होती म्हणून विचारला नव्हता, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

नवरा ओट्यावर नीट मांडी घालून बसला. तांबडीच्या वेळी बसायला हवं होतं तसा. "बरं," तो म्हणाला. "माझं आधी सांगतो. जाऊ दे, असं माझं आहे. आता तुझं सांग."

मुंगीनं डहाळीचं एक पान तोडलं, मग दुसरं. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "रात्री आई नसेल. पण तिथं मुली आहेत." आणखी एक पान तोडलं. "मला जायचंय."

बाप आणि लेक दोघांनी आईकडे पाहिलं. घाई कोणी केली नाही. आईला ठाऊक होतं की तिच्या एका नाहीवर सगळं थांबेल. बाप ओढून नेणारा नव्हता आणि पोर रडून मागणारी नव्हती. आयुष्यात इतकं मोठं काही तिच्या एकटीच्या शब्दावर पूर्वी कधी अडलं नव्हतं. नाही म्हणावं असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं पोरीकडे पाहिलं. मुंगी उभी होती, धुळीनं भरलेली, गुडघ्यावर शाळेच्या अंगणात खरचटलेलं, आणि ते खरचटल्याचं तिनं वाटभर सांगितलंही नव्हतं.

आईनं हळूच मान हलवली.

"तोंडानं म्हण, आई," मुंगी म्हणाली.

आईनं पदरानं तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावरची धूळ पुसली, आणि तोंडानं हो म्हणाली.